एकदा सेल्फ मारून बघा

जालन्यात लोखंड येतं ते बहुधा वितळायला. मोडकी यंत्रं, पत्रे, मोटारींचे सांगाडे भरलेले ट्रक एमआयडीसीत रिकामे होतात, माल भट्टीत जातो आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतो. कुणाच्या तरी लग्नात फुलं लावून मिरवलेली फियाट आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गाडलेली असणार. अशा गावात राहून भंगारातून मोटार बाहेर काढायची, ही उलटी गंगा आमच्या जुन्या जालन्यात, कचेरी रोडच्या आतल्या एका गल्लीत वाहिली. ज्यांनी ती वाहवली त्यांना अख्खी गल्ली 'मालक' म्हणते. गाडीला कागदपत्रं नाहीत, तेव्हा मालकीचा पुरावा म्हणून सध्या ही हाकच धरायची.

मालकांची अंबडकडे मोसंबीची बाग आहे. बागेत खताची पोती, ठिबकच्या नळ्या, क्रेट इकडून तिकडे न्यायला एखादी छोटी गाडी हवी, असं त्यांनी घरात सांगितलं. खरं म्हणजे त्यांना गाडी बनवायची होती; मोसंबी हे निमित्त. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्या घरात कुठलाही खर्च मोसंबीच्या नावावर टाकला की मंजूर होतो. मग एका अपघातग्रस्त मारुती ८०० चं इंजिन आलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवालं. त्याबरोबर गिअरबॉक्स आणि पुढची चाकं आली. सीट कुठल्याशा मिनी बसच्या. चासी मात्र घरची. पाइप वाकवून, वेल्डिंग करून वाड्याच्या चौकात उभी केलेली. तिला जुळतील असे दरवाजे मिळाले नाहीत म्हणून दरवाजे ठेवलेच नाहीत. अशी गाडी रस्त्यासाठी पास होत नाही, एमएच २१ ही अक्षरं तिच्या कपाळी नाहीत, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. बागेत आरटीओ येत नाही आणि आलाच तर मोसंबीचा रस पिऊन जाईल, असं त्यांचं धोरण.

या छंदाला मोठी परंपरा आहे. इंग्लंडात १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या कंपनीने लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांच्या रूपात विकायला काढली. अख्खी गाडी घेतली तर खरेदीकर लागायचा, भाग घेऊन घरी जोडली तर नाही. सरकारही कच्चं नव्हतं. भागांसोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत, अशी अट होती. मग म्हणे कंपनीने गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि त्या शेवटून वाचा म्हणून सांगितलं. हा डोकेबाजपणा आपल्याकडे जन्माला आला नाही याची मला फार खंत आहे. त्यासाठी लागणारी सगळी गुणवत्ता आपल्यात होती. गाड्या करणारी माणसं तर होतीच. इचलकरंजीच्या शंकरराव कुळकर्णींनी चाळीसच्या दशकात 'मीरा' नावाची चिमुकली मोटार घडवायला घेतली आणि पुढे कित्येक वर्षं तिची एकामागून एक रूपं करून पाहिली. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी साठेक हजार रुपयांत जीपच्या तोंडवळ्याची गाडी बनवली. ती आनंद महिंद्रांच्या नजरेस पडली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाच्या दारात नवी बोलेरो आली. आमच्या मालकांच्या घरात या बातमीचा फार वाईट परिणाम झाला. मोसंबीच्या जोडीला आता बोलेरोही खर्चाचं कारण झाली.

लोहारांच्या गाडीत एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी होती. ती मोटारसायकलीगत किक मारून चालू व्हायची. मालकांनी किक न ठेवता सेल्फ ठेवला. तिथून पुढचं सगळं घडलं.

पहिल्यांदा चावी फिरवायचा मुहूर्त रविवारी सकाळी होता. जुना जालना आणि नवा जालना यांच्यामध्ये कुंडलिका वाहते. पलीकडे मोंढा, सराफा, दुकानं. तिकडच्या माणसाला दुसऱ्याच्या दारात उभं राहायला वेळ नसतो. अलीकडे रेल्वे स्टेशन आहे, कचेऱ्या आहेत, त्यांतून निवृत्त झालेली मंडळी आहेत, आणि उभं राहण्यासाठी लागणारी सवड पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली आहे. नारळ फुटेपर्यंत चौक भरला होता. पोस्टातून निवृत्त झालेले काका, शेजारचे वकीलसाहेब, एक बियाण्यांचे एजंट, पंखा दुरुस्त करायला आलेला आणि पंखा तसाच उघडा टाकून आलेला वायरमन, मालकांचा पॉलिटेक्निकला असलेला पुतण्या, आणि ज्यांचा कुणाशीच संबंध नव्हता असे पाच-सहा जण. मालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी काहीही म्हटलं नाही आणि ते सगळ्यांना ऐकू आलं.

मालकांनी चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. तिसऱ्यांदा टक्, आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा हळूच मंदावला.

"पेट्रोल आहे का?" काकांनी विचारलं.

बंद गाडीजवळ येणारा पहिला प्रश्न हाच असतो. गाडी पंक्चर असली तरी हाच असतो. इथे इंजिन एक सूतभरही फिरलेलं नव्हतं. टाकी भरलेली असती काय, रिकामी असती काय, इंजिनाला ते कळायला मार्ग नव्हता. तरीही मालक उतरले, झाकण उघडून पाहिलं आणि "अर्धा डबा आहे" म्हणाले. टाकी म्हणजे पत्र्याचा पाच लिटरचा डबा होता. "अर्धाच?" असं काकांनी अशा आवाजात म्हटलं की मालकांनी मुकाट्याने कॅन आणून डबा काठोकाठ भरला आणि पेट्रोल उडून जायला नको म्हणून झाकण घट्ट पिळून बसवलं. हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. चौकात ते कुणीही ठेवलं नाही.

मग निदानांना सुरुवात झाली. वायरमन म्हणाला, बॅटरी डाउन. बॅटरी नवी होती, मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दाखवत होती. वायरमनने मीटरवर संशय घेतला. बियाण्यांचे एजंट बराच वेळ गप्प होते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाल्यांनी इथे महिको काढली तेव्हापासून जालन्यात बियाणं हा बोलण्याचा पाया आहे, आणि प्रत्येक एजंटाने एका तरी हंगामात "उगवलं नाही" ही तक्रार अंगावर घेतलेली असते. ते अनुभवाने म्हणाले, "माल चांगला असतो हो. लावणाऱ्याची चूक असते." वकीलसाहेबांनी चुकीची जबाबदारी नेमकी कोणावर येईल हे विचारलं. जुनं इंजिन विकणाऱ्याकडून पावती घेतली होती का, या मुद्द्यावर दोघांची चांगलीच जुंपली आणि गाडी काही काळ बाजूला पडली.

काका म्हणाले, "आमच्या वेळी हँडल असायचं. बसलं की चालू." त्यांना हँडल फार चांगलं आठवत होतं. ते उलटं फिरलं की माणसाचं मनगट मोडायचं, हे तेवढं आठवत नव्हतं. चार्ल्स केटरिंगने बनवलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला तो त्या मनगटांसाठीच. पण बंद गाडीसमोर इतिहास सांगू नये. लोकांना वाटतं आपण केटरिंगच्या बाजूचे.

शेवटी आपल्याकडचा सर्वमान्य तोडगा निघाला. धक्का.

धक्का देण्याच्या कामी आपल्या लोकांत कमालीची एकी दिसते. सकाळपासून एकमेकांचं निदान खोडून काढणारे सगळे एका दमात मागे लागले. वकीलसाहेबांनी हात लावला, पण जोर लावला नाही. त्यांची ती पद्धतच आहे. गाडी चौकातून गल्लीत आली, थोडा वेग आला, मालकांनी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला. गाडीला आचका बसला आणि कार्बोरेटरमधून बार उडावा असा आवाज आला. फट्! ओट्यावरचं कुत्रं थेट गांधी चमनच्या दिशेने गेलं. "झाली! झाली होती!" सगळे ओरडले. झाली नव्हती. पण त्या एका आवाजाने पुढचा अख्खा तास फुकट घालवला. बंद इंजिन एकदा बोललं की माणसं त्याला सोडत नाहीत. अजून एक धक्का, अजून एक फट्. "एकदा सेल्फ मारून बघा", "आता मारा", "चोक ओढून मारा", "ॲक्सिलरेटर दाबून मारा", "काहीच न करता मारा". मालक मारत होते.

त्यातच चोकच्या वायरीतून धूर निघाला.

हा प्रसंग मला जवळून बघायला मिळाला, कारण मी तेव्हा डाव्या सीटवर बसून मान डोलवायचं काम करत होतो. चोकची वायर म्हणजे सायकलच्या ब्रेकची असते तशी. आवरणातून ओवलेली तार. डॅशबोर्डवरची मूठ ओढली की कार्बोरेटरचं तोंड अर्धवट मिटतं, एवढंच तिचं काम. तिच्यातून वीज जाण्याचा काही संबंध नाही. पण सेल्फ मारल्याबरोबर तिचं काळं प्लास्टिक आधी चकाकलं, मग मऊ पडून एका जागी लोंबलं, आणि निळसर धूर सुटला. मालकांनी मूठ धरली आणि लगेच सोडली. बोटावर गोल डाग उठला. "इंजिन गरम झालं!" काका मागून ओरडले. अजून एकदाही चालू न झालेलं इंजिन गरम झालं, हे सगळ्यांनी मान्य केलं आणि कुणीतरी बादली आणली. मालकीणबाईंनी ती वाटेतच अडवली. पाणी पिण्याचं होतं.

आता मिस्त्रीला बोलावण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. स्टेशनच्या बाजूला एका चाचांचं गॅरेज आहे. रविवार असूनही आले. जुन्या जालन्यातला मुरलेला मिस्त्री आल्या आल्या बॉनेटमध्ये डोकं घालत नाही. आधी चहा घेतो. चहा घेताना गाडीकडे न बघता माणसांकडे बघतो. सगळ्यांनी एकाच वेळी हकीकत सांगितली. चाचांनी ती बशीसोबत खाली ठेवली. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, चासीच्या पाइपवरून नख ओढलं आणि पहिला प्रश्न विचारला.

"ये रंग कौन मारा?"

चौकात शांतता. रंग हा गल्लीच्या अभिमानाचा विषय होता. लोखंड उघडं राहिलं तर गंज धरेल असं सगळ्यांनी बजावलं होतं. म्हणून आधी रेड ऑक्साइड आणि वर केशरी ऑइल पेंटचे चांगले जाड हात बसले होते. नटबोल्टच्या भोकांच्या आतसुद्धा ब्रश फिरवला होता. तो ब्रश ज्यांनी फिरवला ते एजंट दोन पावलं मागे सरकले.

"इंजिन को अर्थच नै है साब," चाचा म्हणाले.

मोटारीत विजेची वायर एकाच बाजूने धावते. बॅटरीच्या प्लसमधून निघालेली वीज काम करून परत येते ती गाडीच्या अंगातून, लोखंडातून. म्हणून बॅटरीचं मायनस चासीला बांधतात आणि चासीपासून इंजिनाला एक जाड पट्टी देतात. मालकांनी मायनस बांधलं होतं, पण रंगावर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेलं. रबर वीज नेत नाही. पट्टी राहिलीच होती. सेल्फला शंभराच्या वर अँपिअर लागतात. एवढ्या विजेला घरी परतायला वाट नाही म्हटल्यावर तिने सापडेल ती वाट धरली. रंगाच्या एखाद्या ओरखड्यातून चासीत शिरून, डॅशबोर्डपासून इंजिनापर्यंत जाणारी एकच धातूची तार तिला सापडली, ती चोकची. तार जळाली नाही हेच आश्चर्य.

चाचांनी लेक्चर दिलं नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या ॲल्युमिनियमला लावलं आणि "मारो" म्हणाले. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत दिसायला हवं; काटा पार पलीकडे गेला. मग जंपर केबल घेऊन एक चिमटा मायनसला, दुसरा थेट इंजिनाला. "अब मारो." आणि इतका वेळ टक् करणारं इंजिन गर्रकन फिरायला लागलं. चौकात टाळ्या पडल्या. पुतण्याने पॉलिश पेपरने केशरी रंग घासून रुपयाएवढं लोखंड उघडं केलं, तिथे तांब्याची पट्टी आवळली. एजंट तेवढ्या जागी पुन्हा रंगाचा टच-अप द्यायच्या विचारात होते. चाचांनी ब्रश काढून घेतला.

इंजिन फिरत होतं, पण पेटत नव्हतं. फिरायचं, फिरायचं, आणि मध्येच फट्.

पेट्रोल इंजिनाच्या मागण्या फार नसतात. ठिणगी, पेट्रोल-हवेचं मिश्रण, दाब. तिन्ही वेळेवर मिळालं की ते नाही म्हणू शकत नाही. चाचांनी एक प्लग काढला, वायरीत खोचून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि सेल्फ मारायला लावला. निळी, कडकडीत ठिणगी पडली. "करंट है." प्लगचं टोक हुंगलं, ओलं होतं. "पेट्रोल है." इथे काकांनी सगळ्यांकडे एकवार पाहिलं. प्लगच्या भोकावर अंगठा दाबला, तो हवेने उडवला. "दम है." तिन्ही आहेत आणि तरी पेटत नाही, म्हणजे वेळ चुकलेली. चाचांनी डेल्कोच्या टोपीकडे पाहिलं. तिच्यातून तिन्ही प्लगना वायरी जातात. प्रत्येक वायरीवर सुंदर अक्षरात आकडा चिकटवलेला होता. १, २, ३.

"ये कौन लिखा?"

पुतण्याचं अक्षर चांगलं आहे. त्याने टोपीभोवती ओळीने एक, दोन, तीन अशा वायरी लावल्या होत्या. कुणीही सज्जन माणूस तशाच लावेल. पण या इंजिनाला पेटायचा क्रम १-३-२ लागतो. एकटा एक नंबर बिचारा वेळेवर पेटत होता. दुसरा आणि तिसरा एकमेकांच्या पाळीला उठून कार्बोरेटरमध्ये फटाके लावत होते. सकाळी कुत्र्याला पळवणारा आवाज हाच. चाचांनी दोन वायरींची अदलाबदल केली. एवढंच. मी नीट बघत होतो. त्याला चहाच्या एका घोटाएवढाही वेळ लागला नाही. वायरमनने नंतर तीन जणांना सांगितलं की तो हेच सुचवणार होता.

चावी फिरली, इंजिनाने एकदा ठसका दिला आणि चालू झालं.

सायलेन्सर अजून बसवायचा होता, त्यामुळे बातमी सांगायला कुणाला जावं लागलं नाही. चौकात काही ऐकू येईना. वकीलसाहेब हातवारे करून काहीतरी कायदेशीर बोलत होते. मालक सीटवर बसून नुसते हसत होते. मालकीणबाई दारातून दोन पावलं पुढे आल्या. एवढ्या सगळ्या खर्चाच्या हिशेबात ही दोन पावलं जमेच्या बाजूला धरायला हरकत नाही. चाचांनी पैसे घेतले, मोजले, खिशात टाकले आणि ते फाटकापर्यंत पोचले असतील नसतील, तोच इंजिन अडखळलं, गुरगुरलं आणि बंद पडलं.

"पेट्रोल आहे का?" काका म्हणाले.

यावेळी प्रश्न बरोबर होता आणि उत्तरही चुकीचं नव्हतं. पेट्रोल होतं. डबा काठोकाठ भरलेला होता. पण पुतण्या, वायरींच्या प्रकरणानंतर कोपऱ्यात जाऊन उभा राहिलेला, एकदम म्हणाला, "काका, डब्याचं पोट आत गेलंय." खरंच गेलं होतं. चौकोनी डब्याच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. इंजिनाचा पंप पेट्रोल ओढत होता, झाकण हवाबंद, आत भरायला हवा यायला जागा नाही. डबा अर्धा असता तर वरच्या हवेवर थोडं निभावलं असतं. काठोकाठ भरल्यावर तीही सोय गेली. कारखान्यातल्या गाडीच्या टाकीला श्वास घ्यायची वाट ठेवलेली असते. मालकांच्या डब्यावर मूळचं झाकण होतं, आणि ते काकांच्या एका "अर्धाच?"मुळे दोन आटे जास्त पिळलेलं.

चाचा परत आले. झाकण सैल केलं. डबा फुस्स करून श्वास घेता झाला आणि ठण्ण आवाज करत त्याचं पोट पुन्हा बाहेर आलं. झाकण काढून दूर ओट्यावर नेलं, खिळ्याने त्याला बारीक भोक पाडलं, परत लावलं. याचे चाचांनी वेगळे पैसे मागितले नाहीत. काकांकडे मात्र जाता जाता एकदा बघून घेतलं.

गाडी पुन्हा चालू झाली आणि चालूच राहिली. मालकांनी पहिला गिअर टाकला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, रस्त्यावर न जाता तिथूनच मागे फिरले. फिरताना कळलं की रिव्हर्सच्या वेळी मागचं बघायला आरसा लावायचा राहिलाय. मागून येणाऱ्या सगळ्यांनी तोंडाने आरशाचं काम केलं. चौकात गाडी उभी राहिली. गल्लीतल्या पोरांनी सीटचा ताबा घेतला. एजंटांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निळा रंग असता तर गाडी अजून उठून दिसली असती.

तेवढ्यात नव्या जालन्यातले एक ओळखीचे गृहस्थ स्टेशनकडे जाता जाता आवाज ऐकून आत आले. त्यांनी गाडी सगळीकडून पाहिली, टायर पायाने दाबले आणि जिचा जन्मातला एकूण प्रवास गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत एवढाच झाला होता त्या गाडीच्या मालकांना विचारलं,

"ॲव्हरेज काय देते?"

"अठरा-वीस," मालक म्हणाले.